बर्फाकाठचा नवस

वास आधी आला. आम्ही अजून कार पार्कमध्येच होतो. ओल्या रबराचा, चिप्सवर सढळ हातानं ओतलेल्या व्हिनेगरचा, आणि त्या दोन्हींच्या खाली मुरलेला तिसरा एक, घामानं भिजून वाळलेल्या आणि पुन्हा भिजलेल्या चामड्याचा. निखिलनं गाडीतून डावा पाय बाहेर टाकला, मग दोन्ही हातांनी उजवा गुडघा धरून दुसरा पाय काढला, आणि गाडीच्या दाराला धरून क्षणभर तसाच उभा राहिला.

"स्मेल सेम आहे ना, आई?"

"तसाच आहे. इतक्या वर्षांत कुणी एक खिडकी उघडलेली दिसत नाही."

तो हसला. माझ्या मुलाचे पुढचे दोन दात त्याचे स्वतःचे नाहीत. हसला की ते बाकीच्यांपेक्षा जरा जास्त पांढरे दिसतात.

ही आइस रिंक आता पाडणार होते, त्या जागी फ्लॅट होणार होते. त्याआधी एका शनिवारी दुपारी इथल्या जुन्या खेळाडूंचा शेवटचा सामना ठेवला होता. निखिलला त्याच्या गुडघ्यामुळे खेळणं शक्य नव्हतं, पण संघाबरोबर उभं राहायला त्यालाही बोलावलं होतं. आठवडाभर आधी तो मला म्हणाला होता, "तू पण ये ना. तुझं सीट पण आता जाणार आहे." मी लगेच हो म्हटलं. मला त्याला एक गोष्ट सांगायची होती. इतकी वर्षं जमलं नव्हतं, आणि आता ज्या जागी ती सांगायला हवी ती जागाच राहणार नव्हती.

दोन हजारच्या दशकात, त्याच्या विशीत, निखिल या देशात आइस हॉकी खेळून पोट भरायचा. फार मोठा खेळाडू नव्हता. आई असून मी हे म्हणते आहे, म्हणजे खरंच असेल. मोठे खेळाडू कॅनडाहून यायचे, गोल करायचे, पोरींच्या घोळक्यात सह्या द्यायचे. निखिल ज्या कामाचा होता ते काम म्हणजे समोरच्यानं काठीनं मारलेल्या रबराच्या कडक चकतीच्या वाटेत स्वतःला आडवं टाकणं. कोपऱ्यात फळीवर आपटून घ्यायचं, उठायचं, बाकावर येऊन बसायचं, आणि पुन्हा बोलावलं की पुन्हा जायचं. अशांना कुणी फार काळ ठेवून घेत नाही. एक हंगाम स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर, एक केंब्रिजच्या पलीकडे सपाट रानातल्या एका गावी, एक लंडनच्या पश्चिमेला. एक संघ तर मधेच, नाताळच्या तोंडावर, बंद पडला, आणि पोरगा काळ्या बॅगांमध्ये सामान भरून बर्मिंगहॅमला आमच्या दारात हजर झाला. मी आतून इतकी आनंदले होते की मला स्वतःचीच लाज वाटली. महिन्याभरात त्याला दुसऱ्या कुणीतरी उचललं.

हॉकीचा हंगाम आमच्या सणांच्या चौकटीत अगदी बरोबर बसायचा. गणपतीच्या सुमाराला सुरू व्हायचा, पाडव्याच्या आसपास संपायचा. त्यामुळे दरवर्षी आरतीच्या तबकाशेजारी त्याची बॅग पडलेली असे. एक माणूस सहज आत झोपू शकेल एवढी ती बॅग. मी त्याला कुंकू लावायची, हातावर दहीसाखर ठेवायची. तो ते चाटून हात पँटला पुसायचा आणि वाकून नमस्कार करायचा. मग बॅग खांद्याला लावून बाहेर पडताना दाराच्या चौकटीला धडकायचा. त्या चौकटीचा रंग उडालेला आहे अजून.

आणि घरी आला की ते सगळं सामान वाळत घालायचं. ग्लोव्ह्ज रेडिएटरवर बोटं वर करून उभे, खांद्याचे पॅड जिन्याच्या कठड्यावर, स्केट्स न्हाणीघरात. फोडणीचा वास त्या वासापुढे हरायचा. आमचे हे नाकाला रुमाल लावून पेपर वाचत बसायचे आणि म्हणायचे, "लोकांची मुलं घरी पदव्या घेऊन येतात, आमचा कुजकी चपला घेऊन येतो." पण सामन्याला जायचं म्हटलं की तेच आधी तयार. मांडीवर रस्त्यांचा नकाशा, मधल्या खणात लिमलेटच्या गोळ्या, मागच्या सीटवर चहाचा फ्लास्क आणि मी केलेली थालीपिठं. मोटरवेवर पाऊस लागला की वायपरच्या तालावर जुनी नाट्यपदं म्हणायचे. सूर कधी लागायचा नाही, पण आवाज मोठा. हे जाऊनही आता काही वर्षं झाली. गाडीतली ती गोळ्यांची खडखड मला मधूनच ऐकू येते.

संघातले सगळे त्याला 'वॉर्टी' म्हणायचे. हॉकीवाले कुणाचंही आडनाव असंच कापून त्याला शेपूट लावतात, अशी त्यांच्यात रीतच आहे. इंग्रजीत वॉर्ट म्हणजे चामखीळ; वर्तकांच्या सात पिढ्यांच्या नावाचं या लोकांनी चामखीळ केलं म्हणून मी चिडले होते. पण ती कॅनडाची धिप्पाड मुलं आमच्या घरी जेवायला यायची, बूट दाराबाहेर काढायची, मला 'मिसेस वॉर्टी' म्हणून हाक मारायची आणि बटाटेवडे अशी उडवायची की माझा राग टिकेना. त्यांतल्या एकाला वरण इतकं आवडायचं की तो ते मगमधून प्यायचा. पुढच्या वर्षी त्यांतलं कुणीच नसायचं. नवं गाव, नवी मुलं, नवा शर्ट.

ज्या रविवारी आम्ही सामन्याला जाऊ शकत नसू त्या रविवारी टीव्हीवरचं टेलिटेक्स्ट. काळ्या पडद्यावर रंगीत अक्षरं, आणि आमच्या लीगचं पान अगदी शेवटी. पान उलटायची वाट पाहत आम्ही दोघं सोफ्याच्या कडेवर बसायचो. हे स्कोअर बघायचे. मी फक्त फोन वाजत नाही ना, एवढं बघायची.

मी हॉस्पिटलात एक्स-रे काढायचं काम करत असे. दुसऱ्या आयांना आपल्या पोराचा चेहरा दिसतो, मला त्याच्या गळ्याखालचं हाड दिसायचं, मनगटातली बारकी हाडं दिसायची, आणि दिवसभर मी त्याच हाडांचे तुकडे काचेवर लावून बघत आलेली असायची. भीती वाटायची, हे खरं. पण सगळं खरं सांगायचं तर लाजही वाटायची. ईलिंगला माझ्या नणंदेकडे गेलो की तिची मुलगी फार्मसीत, मुलगा बँकेत, आणि मग सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळत. "अगं, निखिल काय करतो सध्या? अजून ते स्केटिंगच का?" मी म्हणायची, "हो, सध्या." त्या 'सध्या'वर मी कितीतरी वर्षं काढली. एकदा तो माझ्या शेजारीच बसला होता. डोळ्याखाली निळं झालेलं, हातात पुरणपोळी. त्यानं माझं 'सध्या' ऐकलं आणि पोळीवर आणखी तूप मागितलं.

आमचं देवघर बॉयलरच्या कपाटात आहे. घर छोटं, आणि कपाट ऊबदार, म्हणून लग्नानंतर इथं आल्यावर मीच तिथं फळी ठोकून घेतली. या देशात थंडी वाजत नाही असा आमच्या घरात तो एकटाच, माझ्या माहेरचा पितळी गणपती. एका सकाळी निखिलचा स्कॉटलंडहून फोन आला. हसत हसत सांगत होता, "काल फनी झालं, आई. पडलो, आणि थोडा वेळ माझा लेफ्ट हात फीलच नाही झाला. नाऊ इट्स फाइन." मी फोन ठेवला आणि ते कपाट उघडून उभी राहिले. म्हटलं, देवा, याला त्या बर्फावरून खाली उतरव. कसंही कर. मी माझ्या हातातली बांगडी मोडून तुला सोन्याच्या दूर्वा वाहीन.

नवस बोलताना माणूस जरा तोलून मापून बोलतो. माझी आई तर वकिलासारखी बोलायची, धडधाकट असू दे, सुखरूप असू दे, सगळी कलमं घालून. मी घाईत होते, कामावर जायचं होतं, बस निघून जाईल अशी धास्ती होती. कसंही कर, म्हणाले.

त्यानंतर निखिल या गावात आला आणि इथं मात्र दोन हंगाम टिकला. बर्मिंगहॅमपासून तासाभराच्या अंतरावरचं हे गाव, त्यामुळे आम्हाला जवळजवळ दर सामन्याला येता यायचं. माझी जागा ठरलेली होती, खेळाडूंच्या बाकाच्या वरच्या बाजूला, सातव्या ओळीत. अंगावर कोट, कोटाखाली साडी, हातात लोकरी मोजे, आणि उजव्या मोज्याच्या आत जपाची माळ. शिट्टी वाजली की मी मान खाली घालायची, डोळे मिटायची आणि माळ ओढायला लागायची. कानावर सगळं येत राहायचं. पात्यांनी बर्फ खरवडल्याचा आवाज, काठीवर काठी, फळीवर माणूस. लहान मुलांचे भोंगे. मग मधल्या सुट्टीत ते पाणी घालून बर्फ गुळगुळीत करणारं यंत्र गोल गोल फिरायचं आणि सगळीकडे गॅसचा गोडसर वास पसरायचा. तेवढ्या वेळात मी डोळे उघडून चहा प्यायची.

माझ्या शेजारी मॉरीन नावाच्या बाई बसायच्या. नवरा गेलेला, मुलं लांब, सगळं आयुष्य त्या संघाला वाहिलेलं. त्या भागातल्या चालीप्रमाणे त्या सगळ्यांना 'डक' म्हणायच्या, त्यामुळे मीही त्यांचं बदक झाले. दोन-तीन सामने त्यांनी माझं निरखून पाहिलं आणि मग समोरच्या ओळीला सांगून टाकलं, "ही वॉर्टीची आई. ती आपल्यासाठी प्रार्थना करते." मी नुसती हसले. झालं, तिथून पुढे ते सगळीकडे पसरलं. आपला माणूस दंड म्हणून बाहेर बसला आणि संघ कमी पडला की लोक वळून माझ्याकडे बघायचे. मॉरीन कोपरानं ढोसायची. "जरा जोर लाव, डक, एका गोलनं मागे आहोत." एका महत्त्वाच्या सामन्यात शेवटच्या क्षणी गोल झाला तेव्हा एक टक्कल पडलेले गृहस्थ दोन ओळी ओलांडून आले आणि माझा मोज्यातला हात हातात घेऊन रडले. मोज्याच्या आत माळ त्यांच्या बोटांना टोचली असणार. ह्यांनाही तेच वाटत होतं. घरी जाताना गाडीत म्हणाले, "तुझा गणपती हॉकीत चांगलाच लक्ष घालायला लागलाय."

त्या माणसांचा विचार मनात आला की अजून कानकोंडं व्हायला होतं. ती बिचारी माझ्याकडे आशेनं बघत होती, आणि मी त्यांच्यात बसून, त्यांनी आणून दिलेला चहा पिऊन, त्यांच्या एका खेळाडूला तिथून काढून न्यायचं देवाजवळ मागत होते.

दुसऱ्या हंगामात, थंडी ओसरत आली असताना, ते झालं. माझे डोळे मिटलेले होते. फळीवर मोठा दणका बसला, तसे नेहमीच बसतात. पण त्यानंतर लोक ओरडले नाहीत. एवढ्या मोठ्या इमारतीत एकदम शांतता, फक्त बर्फ गोठवणाऱ्या यंत्रांची घरघर. मी डोळे उघडले तेव्हा निखिल कोपऱ्यात पडला होता आणि त्याचा उजवा पाय जसा असायला हवा तसा नव्हता. हे मला सातव्या ओळीतून कळलं, एक्स-रे लागला नाही. स्ट्रेचर आलं. त्याला उचलून नेताना दोन्ही संघांतली सगळी मुलं आपापल्या काठ्या बर्फावर आपटू लागली, हळूहळू, टक टक टक. पडलेल्या खेळाडूला ते असा मान देतात. ह्यांनी केव्हाच खाली धाव घेतली होती. मॉरीननं माझा माळेचा हात घट्ट धरला आणि म्हणाली, "प्रे, डक. प्रे." आणि मी, त्याची आई, मनात म्हणत होते, झालं. सुटलो एकदाचे.

तो एक क्षणच होता. पण तो माझा होता, मी तो नाकारू कसा?

ऑपरेशन झालं. मग तो घरी आला आणि खालच्या खोलीत, खिडकीपाशी, पाय उशीवर ठेवून पडून राहिला. बाहेर चेरीला फुलं आली होती. मी रजा काढली. रोज त्याच्या आवडीचं करायची, साबुदाण्याची खिचडी, कोथिंबीर वडी, एकदा तर उकडीचे मोदक. केसांना तेल लावून द्यायची. तो लहान असताना नोकरीपायी मला जे करायला जमलं नव्हतं ते सगळं मी त्या महिन्यांत करून घेतलं. घरात ओल्या चामड्याचा वास नव्हता, फोनची धास्ती नव्हती. मी सुखात होते. स्वयंपाकघरात गुणगुणत असायची, आणि बाहेरच्या खोलीत माझा मुलगा छताकडे बघत पडलेला असायचा. उन्हाळा संपता संपता तो हॉकीच्या काठीला नवी काळी पट्टी गुंडाळायला बसला. ती पट्टी फाडतानाचा चर्र आवाज मी ओट्यापाशी उभी राहून ऐकला आणि माझं गुणगुणणं थांबलं. पण गुडघा उभा राहिला नाही. दोन संघांनी बघून घेतलं आणि नको म्हटलं. काठी गॅरेजमध्ये गेली. तीस वर्षांचाही नव्हता तो.

राहिल्या सोन्याच्या दूर्वा. देवानं आपलं काम केलं होतं. मी बांगडी काढून पर्समध्ये घातली आणि ज्वेलरी क्वार्टरमधल्या एका सोनाराच्या दुकानापर्यंत गेले. काचेतून आत बघितलं, म्हातारा सोनार डोळ्याला भिंग लावून बसला होता. आत जाऊन काय सांगणार होते, कशासाठी करायच्या आहेत म्हणून? परत आले. पुन्हा एकदा गेले, पुन्हा परत आले. नवस फेडावा तर मुलाच्या गुडघ्याबद्दल देवाचे आभार मानल्यासारखं, न फेडावा तर देवाला फसवल्यासारखं. बांगडी हातातच राहिली. भाकरी थापताना ती खणखणते आणि मला सगळं आठवतं.

निखिल पुढे हीटिंगचं काम शिकला. आता बॉयलर दुरुस्त करतो, स्वतःची व्हॅन आहे, बरं चाललं आहे. नणंदबाई म्हणतात, "शेवटी मार्गाला लागला हो." दरवर्षी गणपतीच्या आधी तो आमचा बॉयलर तपासायला येतो. देव एकेक करून ओट्यावर काढून ठेवतो, गणपतीला रुमालावर, आणि मग डावा गुडघा टेकून, उजवा पाय लांब सरळ सोडून, वाकडा होऊन कपाटात डोकं घालतो. मी मागे उभी असते. तो स्क्रू काढतो, मी ओट्यावरच्या देवाकडे बघायचं टाळते.

तर असं सगळं घेऊन मी त्या शनिवारी माझ्या सातव्या ओळीत येऊन बसले. खुर्चीचं कापड फाटून आतला स्पंज दिसत होता. शेजारी मॉरीन होती, वाळून एवढीशी झालेली, अंगावर निखिलच्या आडनावाचा जुना शर्ट, आत दोन स्वेटर. तिनं माझा गाल ओढला. बर्फावर पोटं सुटलेली, पाठी धरलेली माणसं हसत-धापा टाकत खेळत होती. मला त्यात लक्ष लागेना.

दुसऱ्या सुट्टीत निखिल वर आला, दोघींसाठी चहा घेऊन. मॉरीन त्याला म्हणाली, "तुझ्या आईच्या प्रार्थनांनी आपण त्या वर्षी वरचे आलो. लोकांना वाटतं कॅनडावाल्यांनी केलं." मग ती काठी टेकत टॉयलेटकडे गेली. निखिल तिच्या रिकाम्या खुर्चीत बसला, पाय पुढच्या ओळीवर लांब टाकून.

"मी तुमच्या टीमसाठी प्रार्थना करत नव्हते, निखिल," मी म्हटलं.

"आय नो. माझ्यासाठी करायची तू."

"तुझ्यासाठीच. पण काय मागत होते ते तुला माहीत नाही."

आणि मी सांगितलं. फोन, कपाट, बांगडी, ते 'कसंही कर'. स्ट्रेचर आलं तेव्हा मनात काय आलं, तेही सांगितलं. तो चहाचा कप दोन्ही हातांत फिरवत ऐकत होता. खाली ते बर्फाचं यंत्र फिरत होतं.

"मग त्याला दिलंस का? ते गोल्डचं ग्रास?"

"नाही."

"का?"

"तुझ्या गुडघ्याबद्दल थँक यू कसं म्हणू मी?"

त्यानं कप मांडीवर टेकवला. मग नाकातून हसल्यासारखा आवाज केला. "आई, मला ज्यानं कॉर्नरमध्ये हिट केला ना, तो गणपती नव्हता. तो डॅरन नावाचा होता, आणि आता तो कार्पेट्स विकते. आणि माझा नी ऑलरेडी गेली होती. लास्ट सीझन मी इंजेक्शन घेऊन खेळत होतो. बाबांना माहीत होतं. तुला नाही सांगितलं, तू वरी करशील म्हणून."

एवढंच. इतकी वर्षं छातीवर घेऊन फिरलेली गोष्ट त्यानं डॅरनच्या नावावर टाकून दिली. मला रडू आलं, आणि थोडा रागही आला, बाप-लेकांनी मिळून मला अंधारात ठेवलं म्हणून. पण त्याखाली कुठेतरी हलकं वाटायला लागलं होतं. मी पदरानं डोळे पुसले.

"बट वेट," तो म्हणाला. "तू ते बीड्स करायची तेव्हा डोळे बंद असायचे?"

"हो."

"ऑल द टाइम?"

इथं मी खोटं बोलू शकले असते. त्यानं मानलंही असतं.

"तू बाकावर येऊन बसलास की उघडायची."

"आणि मी आइसवर गेलो की?"

"मिटायची."

तो समोर बघत राहिला. मी त्याच्या कानामागची जुनी खूण बघत होते. कुठल्या गावची, कुठल्या सामन्यातली, मला सांगता आलं नसतं.

"म्हणजे तू मला खेळताना बघितलंच नाहीस."

"नाही रे."

आवाज चढला नाही त्याचा. चढला असता तर बरं झालं असतं. तो अगदी साध्या सुरात, एखाद्या अनोळखी माणसाला माहिती द्यावी तसा म्हणाला, "मी ओके होतो, आई. ग्रेट नाही. पण चांगला होतो." मग कप पायाशी ठेवला. "कोणी व्हिडिओ पण नाही काढायचे तेव्हा आमचे. मला वाटायचं, इट्स ओके, आईनं तर बघितलंय."

खाली शिट्टी झाली. त्यानं गुडघ्यावर हात दाबून स्वतःला उभं केलं, माझ्या खांद्यावर थोपटलं आणि कठड्याला धरून एकेक पायरी खाली गेला. मॉरीन परत येऊन बसली. तिसरा, शेवटचा भाग सुरू झाला. "आज प्रार्थना नाही का, डक?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "आज बघते आहे."

बाकाच्या टोकाला बर्फावर जायचं छोटं दार असतं. निखिलला ते उघडायचं काम दिलं होतं. एक जण दमून आत यायचा, तो दार उघडायचा, दुसऱ्याच्या पाठीवर थाप मारून त्याला बाहेर सोडायचा, दार लावायचा. मधे एकदा त्यानं मान वळवून सातव्या ओळीकडे पाहिलं. मी हात वर केला. लोक गोल झाला म्हणून ओरडत होते, मॉरीन उभी राहून काठी आपटत होती, मी मात्र निखिलवरून नजर काढली नाही. शेवटचा भोंगा वाजेपर्यंत मी डोळे उघडे ठेवून त्याच्याकडेच बघत होते. तो एकदाही बर्फावर गेला नाही.